बाटल्यांचं कासव उभं करण्याआधी

प्रति,
मा. मुख्याधिकारी, आमची नगरपरिषद,
आणि कोकण किनाऱ्यावरच्या ज्या नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या मनात सध्या असलंच काही घोळत असेल, त्या सर्वांचे मुख्याधिकारी यांस.

विषय : समुद्रकिनाऱ्यावर प्लास्टिकच्या बाटल्यांचं कासव उभारण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी शाळेच्या फलकावर आपल्या कार्यालयाचं परिपत्रक वाचलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ग्रंथालयाचं पुस्तक बदलायला मी शाळेत जातो आणि फलक वाचल्याशिवाय परतत नाही, जुनी खोड. 'माझी वसुंधरा' अभियानाच्या निमित्ताने सुरूच्या बनाकडेला बारा फुटी कासव होणार, त्याची पाठ रिकाम्या बाटल्यांची असणार, आणि त्यासाठी प्रत्येक शाळेने पाचशे बाटल्या जमा करायच्या. मुदत पंधरा दिवस. सर्वांत जास्त बाटल्या आणणाऱ्या शाळेला ढाल.

या पाचशे बाटल्या पंधरा दिवसांत कुठून येतात ते मी आपल्याला सांगू शकतो, कारण हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. 'टाकाऊपासून टिकाऊ' ही स्पर्धा आमच्या शाळेत मी सलग अठरा वर्षं घेतली. बाटली कापून केलेले पेनस्टँड, बाटलीच्या बुडाची फुलं, चमच्यांचे मोर, स्ट्रॉची तोरणं. ज्या मुलाकडे मोजून एक पेन, त्याच्या घरी तीन तीन पेनस्टँड. एका वर्षी पाचवीतला एक मुलगा आठ बाटल्या घेऊन आला. सगळ्या एकाच पेयाच्या, लेबलं करकरीत.

"एवढ्या कुठे मिळाल्या रे?"

"सर, काल बाबांनी दुकानातून आणल्या. आईने सगळं पातेल्यात ओतून ठेवलंय. दोन दिवस आम्ही तेच पितोय."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्याच्या रॉकेटला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. रॉकेटला चिकटवायला चमकी आणि थर्मोकोलचे गोळे लागले, तेही स्टेशनरीच्या दुकानातून विकत आले. चमकी म्हणजे प्लास्टिकचाच भुगा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही; ठाऊक होतं, लक्षात घेतलं नव्हतं. 'येथे टाकाऊ वस्तू विकत मिळतील' अशी पाटी दुकानदाराने लावायची तेवढी बाकी राहिली होती. आपलं परिपत्रक निघाल्यापासून आमच्या नाक्यावरच्या दुकानात लहान बाटल्या संपल्या आहेत. खात्री करून घ्यायची तर शिपाई पाठवून बघा.

मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेली मुलं आज जे.जे.तून बाहेर पडून नाव कमावत आहेत. तेव्हा हे पत्र कलेला नाकं मुरडणाऱ्या माणसाचं नाही. कचऱ्यातून कला होते, उत्तम होते. माझं भांडण वेगळं आहे, पण त्याआधी माशाबद्दल सांगायला हवं. आपण या गावात नवे आहात.

आपल्या आधीच्या साहेबांच्या वेळी जेटीच्या वाटेवर लोखंडी जाळीचा एक मासा बसवला. तोंड उघडं. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याच्या तोंडात रिकामी बाटली टाकायची, असा बेत. मलाही आवडला होता. उद्घाटनाला शाळेचं लेझीम पथक मीच घेऊन गेलो होतो. नाताळच्या सुट्टीत मासा दहा दिवसांत गळ्यापर्यंत भरला. आता तो रिकामा कोणी करायचा? शेपटीजवळचं दार गंजून बसलेलं. आत बाटल्यांच्या जोडीला बिर्याणीचे डबे, डायपर, शहाळ्यांची टरफलं. झाडूकाम करणाऱ्या बायांपैकी एक मला म्हणाली, "गुरुजी, त्या माशाच्या पोटात हात कोणी घालायचा?" कोणी घातला नाही. शिमगा गेला, मे महिना गेला, आणि जूनअखेरच्या उधाणाने जाळी एका अंगाने फाडली. सकाळी फिरायला गेलो तर मासा मोकळा आणि बाटल्या थेट खाडीच्या तोंडापर्यंत. सहा महिने जे काम कार्यालयाला उरकलं नाही ते समुद्राने एका रात्रीत केलं. ग्रॅनाइटची कोनशिला मात्र जागची हललेली नाही. तिच्यावर अकरा नावं आहेत. माशाचा सांगाडा अजून उभा आहे आणि मुलं त्यात लपाछपी खेळतात, म्हणजे अगदीच वाया गेला असं नाही.

आता भांडणाचं. कचऱ्यात पाण्याची पारदर्शक बाटली ही श्रीमंत वस्तू आहे. ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढते, तिचे किलोमागे पैसे येतात. पुढे ती दळली जाते, तुकडे धुतले जातात आणि त्यांचा पॉलिस्टर धागा होतो. दुधाची पिशवी, फुटकी बादली, मोडकी खुर्ची, यांनाही गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक नाही ते वेफर्सच्या पाकिटाला, शांपूच्या पुडीला, गुटख्याच्या पुडीला. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्यांना ते कळलेलं दिसत नाही.) या पाकिटात प्लास्टिकचा थर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा तलम थर, वर पुन्हा प्लास्टिक असं चिकटवलेलं असतं. ते सुटं करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही, कचरा वेचणारी बाई ते उचलत नाही, आणि ते गटारात, ओढ्यात, खाडीत जाऊन बसतं.

म्हणजे आपलं कासव नेमकं तेच खाणार आहे, जे विकून कोणीतरी संध्याकाळचं पीठ-मीठ आणणार होतं. एकदा त्या बाटलीला ऑइलपेंट फासला, गोंद ओतला, तार आरपार घातली की ती काट्यावरूनही उतरली. टाकाऊचं टिकाऊ करता करता आपण टिकाऊचं टाकाऊ करून ठेवतो. बाटलीत वेफर्सची पाकिटं कोंबून 'विटा' करायची शाळांमधली टूम तर मला याहून खुळी वाटते. एक विकाऊ वस्तू आणि शंभर न विकणाऱ्या, सगळ्या मिळून कायमच्या बिनकामाच्या.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी आपली संघटना बांधली, तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नाव नीट वाचा. कागद, काच, पत्रा. प्लास्टिक त्यात नाही. आज तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या बाया दारोदार कचरा गोळा करतात. त्यांच्या पोत्यात प्लास्टिक नाही असा एक दिवस कोणी दाखवावा. तीसेक वर्षांत काय बदललं हे समजायला मला आलेख लागत नाही, ते नाव पुरतं.

उन्हाचंही बघा. प्लास्टिक कुजत नाही, पण उन्हाने त्याचा चुरा होतो. पाच मिलिमीटरहून बारीक तुकडा झाला की त्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात आणि मग तो कोणाला वेचता येत नाही. आमच्याकडचं ऊन, खारा वारा आणि दोन पावसाळे यांत आपल्या कासवाची पाठ तडकणार, आणि चुरा पडणार तो वाळूतच. वर वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे धावताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे उठून येतात. डहाणूच्या उपचार केंद्रात पावसाळ्यात जखमी कासवं येतात, त्यांतल्या काहींच्या वल्ह्यासारख्या पायांत जाळ्यांचे तुकडे रुतलेले असतात. कासवाला बाटलीपेक्षा तुटकं जाळं जास्त छळतं. आपल्या कासवात जाळ्याचा एक धागा नाही. कासवाचा पुतळा करणाऱ्याने कासवाची एवढी तरी विचारपूस करावी.

चांगलं कसं दिसतं, असं आपण विचाराल. २०२२ साली नैरोबीत संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण सभा भरली तेव्हा आवारात बेंजामिन फॉन वाँग या कॅनडाच्या कलावंताने एक भलामोठा नळ अधांतरी उभा केला होता. तीसेक फूट उंच. नळातून पाण्याऐवजी प्लास्टिकची धार पडते आहे, आणि ते प्लास्टिक किबेरा या तिथल्या झोपडवस्तीतून गोळा केलेलं. बघणाऱ्याला भाषण ऐकायची गरज नाही: फरशी पुसत बसू नका, नळ बंद करा. त्याच सभेत २ मार्च २०२२ रोजी प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक करार करण्याचा ठराव झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात त्या कराराची बोलणी फिसकटली, पण त्याला नळ काय करणार. मला त्यातलं आवडतं ते हे, की त्या नळाने बोट उत्पादनाकडे दाखवलं. आमच्या माशाने बोट पर्यटकाकडे दाखवलं होतं आणि आपलं परिपत्रक ते पाचवीतल्या पोराकडे दाखवतं.

२०१८ साली बेल्जियममधल्या ब्रुज शहरात कालव्यातून उसळी मारणारा देवमासा उभारला होता. पाच टन प्लास्टिक त्याला लागलं, आणि ते हवाईच्या किनाऱ्यांवर समुद्राने आणून टाकलेलं. कोणत्याही शाळेने ते दुकानातून आणलं नव्हतं. आपल्या देशातलं बघायचं तर चंडीगडचं रॉक गार्डन. त्यात प्लास्टिकची गोष्ट नाही. फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशांचे तुकडे. पण ते करणारे नेकचंद सरकारी खात्यात रस्ते निरीक्षक होते, आणि १९५७ पासून कित्येक वर्षं कोणाला पत्ता लागू न देता त्यांनी ते काम केलं. निविदा नाही, ढाल नाही. आपल्यासारख्या सरकारी माणसाला त्यातून उमेद मिळावी.

पुण्यात 'रीचरखा'वाले प्लास्टिकच्या पिशव्या आणि तीच ती चकचकीत पाकिटं धुऊन, पट्ट्या कापून चरख्यावर कातून हातमागावर विणतात. भंगारवाला ज्याला नाही म्हणतो, त्याची खांद्यावर अडकवायची पिशवी होते. मला ते पाहून आमच्या आजीची वाकळ आठवली. लुगडं विरलं की वाकळीत जायचं, पण वाकळीसाठी कोणी नवं लुगडं फाडलं नाही.

आता आमच्याच शाळेतलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी ती स्पर्धा बंद केली आणि आठवीच्या मुलांना म्हटलं, रविवारी उधाण ओसरल्यावर स्मशानापासून जेटीपर्यंत चालायचं. काही विकत घ्यायचं नाही, काही रंगवायचं नाही. दोन तासांत सात पोती झाली. ती पटांगणात पसरली आणि प्रथम भंगारवाल्याला बोलावलं. त्याने बाटल्या घेतल्या, एक क्रेट घेतला, खुर्चीचा पाय घेतला, काट्यावर टाकून पैसे दिले. त्या पैशांत मुलांनी बटाटेवडे खाल्ले. "आणि बाकीचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, यातलं मला काहीच नको."

तेच आम्हाला हवं होतं. झाकणं, एकेकट्या चपला, टूथब्रश, लायटर, कानकोरणी, पाकिटं, जाळ्यांचे हिरवे-निळे गुंते. झाकणं इतकी आणि बाटल्या त्यामानाने कमी का, असा एका मुलाने प्रश्न काढला. मग विज्ञानाच्या बाईंनी बादलीत पाणी घेऊन दाखवलं, झाकण तरंगतं आणि झाकणाशिवायची बाटली भरून बुडते. म्हणजे आम्ही बघत होतो ते फक्त तरंगणारं. हे मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

रापणवाल्या एका पालकांनी फाटकं जाळं दिलं. ते व्हरांड्यात आडवं टांगलं आणि एकेक वस्तू पुरवण्या बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याने त्याला बांधली. प्रत्येकीला एक चिठ्ठी: कुठे सापडली, काय आहे, तिच्यावर काय छापलंय. रंगसंगती अशी काही जुळवली नाही, तरी लांबून ते जाळं मासे लागल्यासारखं चमचमत होतं. एका मुलीला बिस्किटाचा पुडा सापडला होता. छपाई शाबूत, किंमत दोन रुपये, आणि पॅकिंगची तारीख तिच्या जन्माच्या चार वर्षं आधीची. चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं, "हा माझ्यापेक्षा मोठा आहे." पालकसभेच्या दिवशी लोक त्या चिठ्ठीपुढे थांबत होते. माझ्या अठरा वर्षांतल्या एकाही पेनस्टँडपुढे कोणी थांबलं नव्हतं.

आठ दिवसांनी जाळं उतरवलं. सगळं पुन्हा पोत्यांत भरलं, पोत्यांवर खडूने 'पाकिटं', 'चपला', 'जाळी' असं लिहिलं आणि घंटागाडीला दिलं. चार मुलं सायकलवरून गाडीच्या मागे डेपोपर्यंत गेली, मी सांगितलं नव्हतं. परत आली ती गप्प होती. सगळी पोती ओल्या कचऱ्यावर उपडी केली होती.

साहेब, त्या दिवशी त्या चौघांना जे शिकायला मिळालं, ते पुसून काढायला मला जमलं नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्या गावात वेगळं केलेलं वेगळं राहत नाही, त्या गावात कासव उभारणं हा मुलांशी खोटेपणा आहे. हे जमतच नाही असंही नाही. खाली वेंगुर्ल्याने कचरा डेपोचं बघण्याजोगं ठिकाण करून दाखवलं; तिथे वर्गवारी होते, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यांत जातं. वेंगुर्ला काही सातासमुद्रापार नाही.

तरीही कासव करायचंच असेल, आणि अभियानाचे गुण असतात हे मला कळतं, तर ते किनाऱ्यावर नको. बाटली किनाऱ्यावर जन्माला येत नाही. बाजारपेठेत करा, एस.टी. स्टँडवर करा, जिथे पिशवी हातात पडते तिथे. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक पिशव्या आणि थर्मोकोलबंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठेवला. काही महिने बाजारात कापडी पिशव्या फिरल्या आणि मग ती जुनी पातळ पिशवी गल्ल्याखालून हळूच परत आली. त्या गल्ल्यासमोर कासव बसवलं तर दुकानदाराला रोज त्याच्याकडे बघावं लागेल.

त्याच्या अंगात जाळी आणि पाकिटं घाला, बाटली एकही नको. ते कोणत्या तारखेला उतरवणार आणि उतरवलेलं कुठे जाणार, हे कामाच्या आदेशातच लिहा, आणि उतरवण्याचे पैसे उभारण्याच्या पैशांबरोबरच बाजूला काढा. मुलांना गोळा करायला लावणार असाल तर उतरवायलाही बोलवा, ढाल त्या दिवशी द्या. किनाऱ्यावरून वेचणार असाल तर मुलांना हातमोजे द्या. आम्हाला दोन सुया सापडल्या होत्या.

एका पेय कंपनीचं नाव कासवाखाली लागणार असल्याचं कानावर आलं. कंपनीने पैसे द्यावेत, जरूर द्यावेत. पण २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी आपलं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. गावजेवणाला देणगी दिली म्हणून वाण्याची उधारी फिटत नाही. त्यांना म्हणावं, गावातून किती माल परत नेलात त्याची पावती कासवाच्या गळ्यात अडकवा, मग नाव लावू.

आणि एक विनंती, जिला खर्च फारसा नाही. माशाची ती कोनशिला उगाच पडून आहे. परवा मी तिच्या मागच्या बाजूवरून हात फिरवून पाहिला. गुळगुळीत आहे, कोरी आहे. नवीन कोनशिला आणण्याऐवजी तीच उलटी करून वापरा. झाडूकाम करणाऱ्या नऊ बाया आणि घंटागाडीवरचे चार जण, अशी तेरा नावं मी जमवून ठेवली आहेत. पुढच्या अकरांपेक्षा दोन जास्त आहेत, पण अक्षर जरा लहान घेतलं की बसतात. मी कागदावर आखून पाहिलं. अक्षरलेखन मी करून देईन, त्याचे पैसे नकोत. फक्त पाथरवटाची मजुरी कार्यालयाने द्यावी, आणि पंधरा दिवसांच्या मुदतीचं ते परिपत्रक शाळेच्या फलकावरून उद्याच्या उद्या काढायला सांगावं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक